काट्याचं बीपी मशीन आणि स्टेथोस्कोप: नर्सिंग विद्यार्थ्यांच्या संचाचं परीक्षण

नर्सिंगच्या पहिल्याच वर्षी घ्यावा लागणारा हा संच: काट्याची डायल, एक मध्यम कफ (दंडाला गुंडाळायचा, हवेने फुगणारा पट्टा), हवा भरायचा रबरी फुगा आणि दोन तोंडांचा स्टेथोस्कोप. शिकण्यासाठी आम्ही तो डिजिटल मशीनपेक्षा वर ठेवू. डिजिटल मशीन नुसता आकडा देतं. हा संच वापरताना धमनी बोटांनी शोधावी लागते, ठोका कानांनी पकडावा लागतो आणि त्याच वेळी नजर काट्यावर ठेवावी लागते. रक्तदाब म्हणजे शरीरात नेमकं काय घडतं, हे त्यातून पक्कं समजतं. पण डबा उघडून थेट रुग्णाकडे जाण्याइतका तो तयार नसतो. सगळ्यात कच्चा दुवा म्हणजे सोबत येणारा एकुलता एक कफ.

कफ फुगला की दंडातली ब्रेकियल धमनी दाबली जाते. कफमधला दाब वरच्या बीपीहून जास्त असेल तर रक्त पुढे सरकत नाही, म्हणून आवाजही नसतो. हवा सोडत आणली की हृदयाच्या प्रत्येक आकुंचनाला धमनी क्षणभर उघडते, अरुंद वाटेतून रक्त खळबळत जातं आणि ठोका ऐकू येतो. पहिला स्पष्ट ठोका म्हणजे सिस्टोलिक, म्हणजेच वरचं बीपी. दाब खालच्या बीपीच्याही खाली गेला की धमनी पूर्ण वेळ उघडी राहते, प्रवाह शांत होतो आणि आवाज थांबतो. तो आकडा डायस्टोलिक, म्हणजे खालचं बीपी. इटालियन डॉक्टर रिव्हा-रोची यांनी १८९६ मध्ये कफ आणला तेव्हा बोटांनी नाडी चाचपून फक्त वरचा आकडा काढता यायचा. १९०५ मध्ये रशियन शल्यचिकित्सक कोरोत्कॉफ यांनी धमनीवर स्टेथोस्कोप ठेवून खालचाही काढून दाखवला. आजही दोन्ही पद्धती एकामागोमाग वापरायच्या असतात. कारण पुढे येईलच.

आधी डायल बघू. तिच्यावरची प्रत्येक बारीक रेघ २ मिमीची (मिमी म्हणजे इथे पाऱ्याचे मिलिमीटर, दाबाचं माप) असते, त्यामुळे नोंद सम आकड्यातच हवी. काट्याच्या मशीनवरून कोणी १२७/८३ लिहिलं असेल, तर तो अंदाज आहे. आत धातूची पातळ, सुरकुत्यांची डबी असते. दाबाने ती फुगते आणि बारीक दाते काटा फिरवतात. मशीन एकदा जमिनीवर पडलं की ही रचना हलू शकते, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. हवा नसताना काटा शून्यावर हवा, पण शून्यावर आहे म्हणून १२० लाही बरोबर असेल असं नाही. काही डायलींमध्ये शून्यापाशी काटा अडवणारी खीळ असते, ती बिघाड झाकते. अशी डायल घेऊच नका. खरी तपासणी एकच: तीन तोंडांच्या नळीने ती तपासलेल्या मशीनला जोडायची आणि ५०, १००, १५०, २०० वर दोन्हीकडचे आकडे ताडून बघायचे. फरक ३ मिमीहून जास्त आला तर दुरुस्ती. हे दर सहा महिन्यांनी करा, आणि मशीन पडलं तर त्याच दिवशी.

गळती घरीच तपासता येते. कफ एखाद्या टणक बाटलीभोवती गुंडाळा, २०० पर्यंत हवा भरा, फुग्याजवळची हवा सोडायची झडप घट्ट बंद करा आणि एक मिनिट थांबा. काटा ४ मिमीहून जास्त उतरला तर हवा कुठेतरी निसटते आहे. फुग्याकडून येणारी नळी कफजवळ चिमटीत दाबा. उतरणं थांबलं तर दोष फुग्यात किंवा झडपेत आहे. बहुतेकदा झडपेत अडकलेली धूळ निघते. उतरतच राहिलं तर कफमधली रबरी पिशवी किंवा डायलचा सांधा बघा. सांध्यावर साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे जागा दाखवतात.

झडपेबद्दल विक्रेते काही बोलत नाहीत, पण विद्यार्थ्याचा आकडा बरोबर येणं तिच्यावरच अवलंबून असतं. हवा सेकंदाला २ ते ३ मिमी वेगाने सुटायला हवी. काटा १८० वरून ८० पर्यंत यायला साधारण ४० सेकंद लागावेत. स्वस्त झडप आधी अडून बसते आणि मग एकदम मोकळी होते. नाडी मिनिटाला ६० असेल तर ठोका सेकंदाला एकच पडतो. काटा सेकंदाला १० मिमी घसरत असेल तर दोन ठोक्यांमध्ये १० मिमी निघून जातात: पहिला ठोका उशिरा सापडतो आणि वरचा आकडा कमी लागतो, तर शेवटचा लवकर सुटल्यासारखा वाटून खालचा जास्त. खरेदीच्या वेळी झडप दोन बोटांत धरून फिरवून बघा. ती कणाकणाने सुटली पाहिजे.

आता कफ. आतल्या पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या ४० टक्के आणि लांबी निदान ८० टक्के हवी. म्हणजे ३० सेमी घेराला १२ सेमी रुंद आणि २४ सेमी लांब. घेर खांद्याचं हाड आणि कोपराचं टोक यांच्या मध्यावर मोजायचा. मध्यम कफ २७ ते ३४ सेमी दंडासाठी असतो. जाड दंडाला तोच लावला तर बीपी खऱ्याहून जास्त दिसतं आणि नसलेल्या आजाराची नोंद होऊ शकते. बारीक दंडाला मोठा कफ उलट कमी दाखवतो. नवशिक्यांकडून ही चूक सतत होते, कारण डब्यात दुसरा पर्यायच नसतो. चिकटपट्टीही नीट बघा. ती सैल असेल तर १६०-१८० ला कफ फटकन सुटतो.

स्टेथोस्कोप कामचलाऊ आहे. कानात जाणारी टोकं नाकाच्या दिशेने वळलेली हवीत; उलटी घातली तर आवाज निम्मा होतो. ‘काहीच ऐकू येत नाही’ या तक्रारीचं कारण बहुधा एवढंच असतं की फिरतं तोंड दुसऱ्या बाजूला वळलेलं आहे. पडद्यावर (मोठ्या, सपाट बाजूवर) बोटाने हलकं टिचकावून आधी खात्री करा. हे ठोके खालच्या स्वराचे असल्याने लहान, वाटीसारख्या बाजूने चांगले ऐकू येतात, पण ती टेकवून ठेवायला सराव लागतो. सुरुवातीला पडद्याची बाजू चालेल. ती कफच्या कडेखाली खुपसू नका आणि फार दाबूही नका. धमनी स्टेथोस्कोपनेच दबली तर ठोके शून्यापर्यंत ऐकू येत राहतात.

मोजण्याआधी रुग्णाला पाच मिनिटं शांत बसू द्या: पाठीला आधार, पाय जमिनीवर, पायावर पाय नको, लघवी तुंबलेली नको. हात हृदयाच्या पातळीत टेकलेला असावा. तो १० सेमी खाली लोंबत असेल तर आकडा सुमारे ७ ते ८ मिमीने वाढतो. कफ उघड्या दंडावर, कोपराच्या खळग्याच्या २-३ सेमी वर. मनगटाची नाडी धरून हवा भरा, ती कुठे नाहीशी होते ते लक्षात ठेवा आणि हवा पूर्ण सोडा. मिनिटभराने त्या आकड्याच्या ३० मिमी वर भरा आणि मग ऐका. ही पायरी गाळली तर काही रुग्णांत, विशेषतः उच्च रक्तदाब असलेल्यांत, फसगत होते. त्यांचे ठोके सुरू होऊन मधेच थांबतात आणि पुन्हा सुरू होतात. कफ त्या मधल्या शांत पट्ट्यापर्यंतच फुगवला असेल तर दुसऱ्यांदा सुरू झालेला ठोकाच पहिला समजला जातो आणि १८० चं बीपी १४० लिहिलं जातं. नाडी अनियमित असेल तर हवा आणखी सावकाश सोडा, दोन-तीनदा मोजा. सलाईन चालू असलेला हात, डायलिसिसची फिस्ट्युला (शस्त्रक्रियेने जोडलेली धमनी आणि शीर) असलेला हात आणि काखेतल्या लसिका गाठी (लिम्फ नोड) काढलेली बाजू टाळायची.

दर रुग्णानंतर स्टेथोस्कोपचं तोंड ७० टक्के अल्कोहोलने पुसा. कापडी कफ धुताना रबरी पिशवी आणि डायल आधी काढून ठेवा. डायलमध्ये पाणी गेलं की ती गेलीच. स्टेथोस्कोप दिवसभर उघड्या मानेवर लटकवला तर त्वचेच्या तेलाने नळी ताठर होऊन तडकते.

घेताना २२ ते २६ सेमीचा लहान आणि ३५ ते ४४ सेमीचा मोठा कफ सुटा मिळतो का, आणि त्याच्या नळीचं टोक याच डायलला बसतं का, हे विचारा. बसत नसेल तर संच कितीही देखणा असो, दुसरा बघा.