३०,७५० रुपयांची एलपी आणि माझे तयार कान

एका बनावट एलपीत, म्हणजे गाण्याच्या तबकडीत, किती गेले तो आकडा आधी सांगून टाकतो, नाहीतर शेवटपर्यंत धीर होणार नाही. टोकन १०,०००, उरलेले १८,५००, कुरिअरचे १,३५०, आणि पार्सल निघाल्यावर उगवलेला ‘विमा’ ९००. एकूण ३०,७५०. घरी मी अजून बारा हजारच सांगितलेत.

माल कुठला, तर अमेरिकी जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ हा अल्बम. दुकानात मिळणारा साधा नव्हे. १९९० च्या दशकात ध्वनितंत्रज्ञ बर्नी ग्रंडमन यांनी मास्टर केलेला (छापण्याआधी आवाज नीट बसवलेला), १८० ग्रॅम वजनाच्या तबकडीचा, आता छापला न जाणारा री-इश्यू, म्हणजे नव्याने काढलेली आवृत्ती. मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे संगीताचं दुकान २०१६ मध्ये बंद झाल्यापासून असल्या वस्तू आम्ही फोनवर फोटो पाहूनच घेतो. विकणारा कोलकात्याचा. मामा वारले, संग्रह मोडतोय, योग्य माणसाच्या हातात जावा एवढीच इच्छा. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, असे मामा सगळ्यांचेच वारतात. यूपीआयवर नाव भलत्याच बाईचं आलं, तर म्हणे “वहिनींचं खातं आहे, दादा.” बरं, म्हटलं.

पण मला जाळतंय ते हे नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: या अल्बमची पहिली बाजू २ मार्च १९५९ ला न्यूयॉर्कमध्ये रेकॉर्ड झाली. त्या दिवशी मुख्य टेप मशीन किंचित हळू चालत होतं. त्यामुळे तीच टेप नीट वेगाच्या मशीनवर लावली की तिन्ही चिजा किंचित चढ्या वाजतात. दुसरी बाजू २२ एप्रिलची, ती सुरात आहे. ही चूक १९९२ मध्ये, त्या दिवशी जोडीला चालू असलेल्या दुसऱ्या मशीनची टेप वापरून सुधारली गेली. तोवर तीस-बत्तीस वर्षं जग पहिली बाजू चढीच ऐकत होतं. मी जी आवृत्ती घेत होतो तिची सगळी किंमत या दुरुस्तीत होती.

उरलेले पैसे द्यायच्या रात्री विकणाऱ्याने एलपी वाजतानाची चाळीस सेकंदांची क्लिप पाठवली. पहिल्या बाजूची ‘सो व्हॉट’. पॉल चेंबर्सचा बेस आणि त्याला पियानोचं उत्तर. त्या चिजेचे स्वर म्हणजे आपल्या काफी थाटाचेच, षड्ज पांढरी दोनवर, म्हणजे पेटीच्या सप्तकातल्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीवर. समोर वडिलांची पेटी होती. सहज पांढरी दोन दाबली. जुळेना. बेस पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मध्ये कुठेतरी लोंबकळत होता.

मी काय केलं असेल? पेटीला दोष दिला. ऑगस्ट होता, पावसाळ्यात स्वर हलतात, मोबाइलचा स्पीकर, त्याच्या टर्नटेबलचा पट्टा, अशी चार कारणं मीच शोधली आणि रात्री ११.४० ला १८,५०० पाठवले. बावीस वर्षं एलपी जमवणारा माणूस! पुरावा स्वतःच्या बोटाखाली वाजत होता आणि मी विकणाऱ्याची वकिली करत होतो.

पार्सल आल्यावर चार मित्रांना बोलावलं, चहा-भजी केली, सुई ठेवली. आमच्यातला एक व्हायोलिन वाजवतो. तो म्हणाला, “जरा चढं वाजतंय का रे?” मी त्याच्यावर खेकसलो. मग बाजू पलटली. ‘ऑल ब्लूज’ पेटीच्या पांढरी पाचशी तंतोतंत. म्हणजे टर्नटेबल ठीक, पेटीही ठीक. एलपीच जुन्या, चुकलेल्या वेगाची. मित्र गेल्यावर स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली: १३८ ग्रॅम. लेबलभोवतीच्या कोऱ्या पट्टीत ग्रंडमन यांची ‘बीजी’ ही अक्षरं हवीत, तिथे काहीच नाही. कव्हर तर स्कॅन केलेलं, माइल्सच्या चेहऱ्यावर ठिपके मोजता येतात. युरोपात १९५९ च्या ध्वनिमुद्रणांचे हक्क २०१० पासून संपलेत, तिथे कुणीही हा अल्बम छापून स्वस्तात विकतो. तसलाच काहीतरी माल, वर बनावट कव्हर.

घेण्याआधी त्या कोऱ्या पट्टीचा फोटो मागा. शेजारी त्या दिवशीचा पेपर ठेवायला सांगा. टाळाटाळ झाली की विषय संपला.

नऊ दिवस मी त्याच्याशी वाद घालत बसलो. तो “दादा, कानाचा भ्रम आहे” म्हणायचा. तुम्ही बसू नका, पैसे गेले की त्याच तासात १९३०, ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, फिरवा. मग गेलो चौकीवर. “तबकडी आली का?” आली. “वाजते का?” वाजते. “मग फसवणूक कुठली?” मी वेग, टेप, १९९२ सगळं समजावलं. साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “आमच्या आजोबांकडे फोनो होता, जत्रेत वाजवायचे.” मग, “तीस हजार? एका तबकडीला?” एवढं मोठ्याने, की बाकावरचा पाकीटमारसुद्धा माझ्याकडे वळून बघायला लागला. फसवणुकीचं कलम चारसोवीस आता तीनशे अठरा झालंय, एवढं ज्ञान मिळालं. गुन्हा नोंदवला नाही, ही दिवाणी बाब आहे म्हणे. अर्ज घेतला, पोच द्यायला तीन खेटे. सायबरवाल्यांकडे गेलो तर “वस्तू मिळालीय, हे ग्राहक तक्रारीत बसतं.” ग्राहकवाले म्हणतात, नोटीस पाठवायला विकणाऱ्याचा पत्ता आणा. पत्ता कोण शोधणार? पोलीस. पोलीस म्हणतात, दिवाणी. बँकेतली मुलगी तर गोड हसून म्हणाली, “सर, पिन तुम्हीच टाकलात ना?” हो बाई, मीच टाकला. ते खातं ज्या वहिनींचं आहे त्यांचं केवायसी तुमच्यासारख्याच एका बँकेने केलंय ना? त्यावर मॅनेजर जेवायला गेले.

पार्सल उघडताना सलग व्हिडिओ घ्या, मध्ये कट नको. मी घेतला नव्हता, आणि प्रत्येक टेबलावर पहिला प्रश्न तोच होता. शक्यतो क्रेडिट कार्डाने द्या, निदान भांडायला एक फॉर्म तरी मिळतो. आणि कुणी ‘दादा’ म्हणालं म्हणून भाव कमी केला असं समजू नका.

परवा तीच एलपी पुन्हा विक्रीला दिसली. नाव नवं, गाव नवं, किंमत ३१,०००. फोटोत डाव्या कोपऱ्यात तोच तपकिरी फुलांचा पडदा. या वेळी मामा नाहीत, वडील वारलेत.