एल्सा बारा, मिराबेल शून्य (नागपूरच्या महाल भागातलं ड्रेस भाड्याने देणारं दुकान)

पोरीचा सातवा वाढदिवस एप्रिलमध्ये झाला, थीम कार्टून सिनेमाची, म्हणून महालात एका फॅन्सी ड्रेसवाल्याकडे गेली होती, नाव नाही लिहीत, काका माणूस तसे वाईट नाहीत. गल्ली अरुंद आहे, गाडी बडकस चौकाच्या अलीकडेच लावा.

पोट्टी माझ्यासारखीच सावळी, केस कुरळे, आणि यंदाच चष्मा लागला. तिला एन्कांटोमधली मिराबेल व्हायचं होतं. 2021 चा सिनेमा, कोलंबियातलं कुटुंब, घरात जवळपास प्रत्येकाला काहीतरी जादू येते आणि हिलाच येत नाही, पण आख्खा सिनेमा ही चष्मेवालीच ओढते. आमच्याकडे किती वेळा लागला विचारूच नका. चष्मा लागला तेव्हा तीन दिवस रडत होती, हा पाहिल्यापासून चष्मा घालून झोपायला पाहते, आता बोला.

काकांकडे एल्सा मात्र बारा. मोजल्या मी. 2013 मध्ये फ्रोझन सिनेमातून आलेली बाई अजून रॅकवरून उतरायला तयार नाही. बर्फाची राणी अन् नागपूरचा एप्रिल, पॉलिस्टरचा गाऊन, वरून हातमोजे, विग, पोट्टी केक कापायच्या आधीच आडवी होईल ना. मोआना विचारली, ती पॅसिफिक बेटावरची होडीवाली पोरगी, तर गवताचा घागरा आणि प्लास्टिकच्या फुलांची माळ काढली, "हवाईवाला डान्सचा तोच आहे." टियाना विचारली, 2009 ची डिस्नेची पहिली काळी राजकुमारी, तर काका खुश होऊन आतून बेडकाचा ड्रेस घेऊन आले! हसू आवरेना, पण त्यांना काय बोलणार बाप्पा, त्या सिनेमात ती बिचारी निम्म्याहून जास्त वेळ बेडकीच असते.

मग म्हणे, "ताई, एल्साच न्या, पोरीला थोडं पावडर लावा, फोटोत समजत नाही." पोरीसमोर. ती काहीच बोलली नाही, फक्त माझ्याकडे पाहून राहिली होती.

मी विचारलं काहून दुसरं काही ठेवत नाही, तर म्हणाले एल्सा महिन्यातून आठ-दहा वेळा बाहेर जाते, नवीन आणलं तर वर्षभर हँगरवर धूळ खाते. धंद्याचं गणित पटतं, पण समोर जे टांगलेलं दिसतं तेच पोट्टे मागणार ना. आणि परदेशी सिनेमाला तरी काय नावं ठेवायची, आपल्या छोटा भीममध्ये दादागिरी करणाऱ्या पोराचं नाव काय, तर कालिया.

काम झालं ते काकूंमुळे. त्या मागे इस्त्री करत होत्या, मोबाईलवर मिराबेलचा फोटो दाखवला तर नवरात्रीच्या गठ्ठ्यातून हिरवट-निळा भरतकामाचा घागरा अन् झालरीचा पांढरा ब्लाऊज शोधून काढला, कमरेत टाचण्या मारून दिल्या. केस तिचेच, चष्मा तिचाच, विगचे पैसे वाचले.

भाडं 300, डिपॉझिट 500. कपडे धुतलेले होते, वास नाही, हुक सगळे शाबूत. परत करताना 50 कापले, संत्रा बर्फीचा डाग पडला होता, तो आमचाच, तक्रार नाही. शनिवारी जाऊ नका, उभं राहायला जागा नसते. आणि गेलात तर सरळ काकूंनाच विचारा.

5 पैकी 3 स्टार. कापलेले दोन्ही पावडरचे.