नऊ जणांच्या वकिली कार्यालयात सिग्नल: वर्षभराचा अनुभव

उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात वकिली करणाऱ्या आमच्या कार्यालयात कनिष्ठ वकील, टंकलेखक आणि कारकून धरून नऊ माणसे आहेत आणि याचिकांचे मसुदे व अशिलांची कागदपत्रे वर्षभरापासून आम्ही सिग्नल या संदेश पाठवण्याच्या ॲपच्या एका ग्रुपवर पाठवतो. त्याआधी सर्व पीडीएफ फाइलींना एकच पासवर्ड होता आणि तो कारकुनाच्या डायरीत पहिल्याच पानावर, चहाच्या डागाशेजारी, लिहिलेला असे. एक कनिष्ठ वकील काम सोडून गेल्यावरही तीन महिने आम्ही तो बदलला नव्हता, हे कबूल केलेले बरे.

सिग्नलमध्ये अशी सामाईक किल्ली, म्हणजे संदेश कूटबद्ध करणारा (इतरांना वाचता येणार नाही असा करणारा) आणि उघडणारा गुप्त संकेत, नसते. लिहिणाऱ्या प्रत्येकाचा फोन त्या ग्रुपपुरती स्वतःची किल्ली तयार करतो आणि इतर आठ जणांना ती प्रत्येकाशी असलेल्या स्वतंत्र कूटबद्ध जोडणीतून पोहोचवतो. त्यानंतर संदेश एकदाच कूटबद्ध होतो, सर्व्हर त्याच्या प्रती वाटतो, पण किल्ली सर्व्हरच्या हाती लागत नाही. कोणाला ग्रुपमधून काढले की उरलेल्यांचे फोन जुन्या किल्ल्या टाकून नव्या वाटतात. काढलेल्याच्या फोनवर आधीचे मसुदे अर्थातच राहतात. त्यावर कोणत्याही किल्लीचा इलाज नाही.

नऊ जणांत हे वाटप जाणवतही नाही. हजार सभासदांच्या ग्रुपमध्ये मात्र एक जण गेला की प्रत्येक लिहिणाऱ्याला उरलेल्या सर्वांना नवी किल्ली पाठवावी लागते. जुलै 2023 मध्ये आरएफसी 9420 या इंटरनेट मानकांच्या दस्तऐवजात प्रसिद्ध झालेल्या एमएलएस या ग्रुप-संदेश कूटबद्ध करण्याच्या मानकात किल्ल्या झाडाच्या फांद्यांसारख्या रचलेल्या असल्याने, सर्व सुरळीत असल्यास, सभासद दुप्पट झाले तरी काम साधारण एकाच पायरीने वाढते. आमच्यासारख्यांना त्याची गरज नाही.

खरी मेहनत पडताळणीची आहे, म्हणजे समोरच्याची किल्ली खरोखर त्याचीच आहे ना, हे दोघांच्या फोनवरचा सुरक्षा क्रमांक जुळवून पाहण्याची. हा 60 अंकी क्रमांक दोघांपुरता असतो, ग्रुपचा नसतो. म्हणजे नऊ जणांच्या 36 जोड्या झाल्या. एका शुक्रवारी संध्याकाळी आम्ही क्यूआर कोड स्कॅन करून त्या संपवल्या, पण आमच्या ज्येष्ठ कारकुनांचा कॅमेऱ्यावर विश्वास नसल्याने त्यांनी पाच-पाच अंकांचे गट, बोर्डावरची प्रकरणे पुकारावीत तसे, मोठ्याने वाचून दाखवले. गेल्या आठवड्यात त्यांनी नवा फोन घेतला, सुरक्षा क्रमांक बदलल्याची सूचना सर्वांना आली आणि सात जणांनी त्यांच्याशी पुन्हा पडताळणी केली. माझी अजून राहिली आहे.