जुन्या चेनसॉला नवा बार आणि चेन: काय घ्यावे?

वापरलेले चेनसॉ मशीन घेतले असेल तर त्यावरचा बार (चेन जिच्याभोवती फिरते ती लांब पट्टी) मूळचाच आहे असे धरून चालू नका. आधीच्या मालकाने मिळेल तो बार चढवलेला असू शकतो. म्हणून आधी मापे घ्या.

चेनच्या लागोपाठच्या तीन रिव्हेटमधल्या (कड्या जोडणाऱ्या खिळ्यांमधल्या) अंतराचे निम्मे म्हणजे पिच. बहुतेक मशीनवर ती ०.३२५ किंवा ३/८ इंच असते. बारच्या खाचेत फिरणाऱ्या ड्राइव्ह लिंकची (चेनच्या खालच्या कड्यांची) जाडी म्हणजे गेज: १.१, १.३, १.५ किंवा १.६ मिमी. १.५ ची चेन १.३ च्या खाचेत शिरतच नाही, हे बरे. उलट १.३ ची चेन १.५ च्या खाचेत आरामात बसते, मग कलते आणि लाकूड तिरके कापते. तिसरे माप ड्राइव्ह लिंकच्या संख्येचे. ‘१८ इंची चेन द्या’ म्हणून भागत नाही: ०.३२५ पिचच्या १८ इंची बारवर हस्कवर्ना कंपनीच्या मशीनला सहसा ७२ लिंक लागतात, स्टिल कंपनीच्या मशीनला ७४. बारची मागची बाजूही जुळायला हवी. बोल्टची खाच जुळली पण तेलाचे भोक सरकलेले असेल, तर बार कोरडा पडून जळतो.

पहिला खरा निर्णय: नुसती चेन, की सगळा संच? बारच्या कडा सपाट आणि सारख्या उंचीच्या असतील तर नुसती चेन पुरे. कडेला फक्त धारदार बर (धातूची बाहेर आलेली पातळ कोर) आली असेल, तर ती सपाट कानशीने निघते. पण चेन बोटांनी आडवी हलवल्यावर ती सैलपणे दोन्हीकडे कलत असेल, किंवा ड्राइव्ह लिंकची टोके खाचेच्या तळाला टेकत असतील, तर त्या बारवर नवी चेन चढवणे म्हणजे पैसे वाया घालवणे. मशीन एकाच बाजूला ओढत कापते तेव्हा दोष बारचाच असतो असे नाही. चेनचे एका बाजूचे दात दुसऱ्या बाजूपेक्षा आखूड झाले असतील तरी हेच होते.

स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारे दातेरी चाक, मात्र लोक हमखास विसरतात. त्याच्या दातांवर साधारण अर्धा मिमी खोल घळ पडली असेल तर तेही बदला. झिजलेले स्प्रॉकेट नव्या चेनलाही लवकर खाते. दोन चेन झिजल्या की एक स्प्रॉकेट, हा जुना हिशोब आजही चालतो.

पिच बदलायचा मोह होतो. ३/८ ची चेन दणकट, मोठ्या इंजिनाला शोभणारी; ०.३२५ ची हलकी, सुमारे ५० सीसीच्या मशीनला फिरवायला सोपी. पण पिच बदलली की स्प्रॉकेट आणि बार दोन्ही बदलावे लागतात, त्यामुळे खास कारण नसेल तर आहे तीच ठेवा. लहान मशीनवरची लो-प्रोफाइल (कमी उंचीची) ३/८ ही मोठ्या मशीनवरच्या ३/८ पेक्षा वेगळी आहे. आकडा एकच असला तरी अदलाबदल करू नका.

लांबीच्या बाबतीत माझे मत आखूडकडे झुकते. जुन्या इंजिनाची ताकद थोडी तरी घटलेली असते, तेलाचा पंपही थकलेला असू शकतो. १८ ऐवजी १६ इंच घेतले तर दात कमी, ओझे कमी, आणि धार लावायलाही वेळ कमी लागतो. ३५ ते ४० सीसीच्या मशीनवर १६ इंचांच्या पुढे जाऊच नये.

दातांचा आकार? फुल चिझलचा कोपरा टोकदार असतो, स्वच्छ मऊ लाकडात तो झपाट्याने जातो. मातीचा कण लागला की मात्र तितक्याच झपाट्याने बोथट होतो. सेमी चिझलचा कोपरा गोलसर, वेग थोडा कमी, पण वाळलेल्या, कठीण किंवा मातकट लाकडात धार टिकते. पडलेली झाडे आणि सरपण हेच काम असेल तर सेमी चिझल घ्या. हात नवखा असेल तर उसळी कमी देणारी, लो-किकबॅक चेनच हवी.

पत्रे जोडून केलेला लॅमिनेटेड बार हलका आणि स्वस्त, घरगुती कामाला पुरेसा. अखंड पोलादी, टोक बदलता येणारा बार रोज दिवसभर कापणाऱ्यालाच परवडतो.

कानस चेनसोबतच घ्या: लो-प्रोफाइल ३/८ ला ४ मिमी, ०.३२५ ला ४.८ मिमी.