जपानी म्हणून विकलेल्या युकुलेलेच्या तारा: कोल्हापुरातल्या पालकांनी जरूर वाचा

ज्यांची मुलं युकुलेले, म्हणजे गिटारसारखं दिसणारं छोटं चार तारांचं वाद्य, शिकताहेत त्या सगळ्यांसाठी हे लिहितेय. पावसाळा सुरू झाल्यापासून कोल्हापुरात एक विक्रेता व्हॉट्सॲपवरून पालकांपर्यंत पोचतोय. घरी येतो, जुन्या तारा काढतो, नव्या बसवून सुरात लावून देतो आणि साडेआठशे रुपये घेतो. माल जपानी फ्लोरोकार्बनचा, म्हणजे एका जड प्लास्टिकचा, आहे असं सांगतो. तो फ्लोरोकार्बन नाही, आणि जे काही आहे ते वाद्यावर चढवण्याच्या लायकीचंही नाही. राजारामपुरीत मी मुलांना शिकवते. माझ्याकडच्या काही घरांत या तारा बसल्या, म्हणून सगळं जवळून बघायला मिळालं.

फ्लोरोकार्बनला लोक जास्त पैसे का मोजतात ते आधी सांगते. साध्या युकुलेलेवर पोलादी तारा चढवत नाहीत, कारण त्यांच्या ताणानं ब्रिज, म्हणजे तारा जिथे अडकवतात ती वाद्यावरची पट्टी, उखडू शकतो. म्हणून नायलॉन, फ्लोरोकार्बन किंवा तातीच्या (आतड्यापासून केलेल्या तारेच्या) आवाजाच्या जवळ जाणाऱ्या कृत्रिम तारा वापरतात. नायलॉन हवेतला ओलावा पितं. कोल्हापूरचा जुलै कसा असतो ते वेगळं सांगायला नको, कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. अशा हवेत नायलॉनचा सूर हलत राहतो. फ्लोरोकार्बन पाणी जवळजवळ घेतच नाही. शिवाय ते जड असतं, त्यामुळे त्याच सुरासाठी तार बारीक लागते. म्हणजे पावसाळ्यात ‘फ्लोरोकार्बन घ्या’ हा सल्ला चुकीचा नाही. या माणसानं तो सल्ला उचलला आणि त्याखाली भलताच माल खपवला.

माझ्या लक्षात आलं ते सातवीतल्या एका मुलीमुळे. युकुलेलेवर पहिली कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा सुरांचा गट, शिकवतात ती सी. तीन तारा मोकळ्या, आणि खालच्या ए तारेवर तिसऱ्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे वाद्याच्या गळ्यावरच्या आडव्या पट्ट्या) एकच बोट. लहान मुलांना ती पहिल्याच दिवशी जमते. या मुलीला ती वर्षभर छान येत होती आणि नव्या तारा बसल्यावर बेसूर यायला लागली. ट्यूनरवर चारही मोकळ्या तारा बरोबर, पण बोट ठेवलं की सूर चढा. तिनं बोट हलकं ठेवून पाहिलं, पुढे-मागे सरकवून पाहिलं. शेवटी मला विचारलं, “मॅडम, माझा कान खराब झालाय का?” पुढच्या आठवड्यात तिच्या आईचा फोन आला, “मॅडम, तिला आता नको वाटतंय, क्लास थांबवूया का?” तिचा कान उत्तम आहे. चूक तिला ऐकू येत होती, म्हणूनच ती रडकुंडीला आली होती. पैशांपेक्षा मला याचाच राग जास्त आहे.

मी त्या विक्रेत्याला फोन केला. तो म्हणाला, “पावसाळी हवा हाय ताई, नवी तार ताणायची की अजून. पंधरा दिवस जाऊ द्या, बसंल आपोआप.” यात अर्धं खरं आहे, म्हणूनच ते पटतं. नवी तार पहिले काही दिवस ताणते आणि सूर उतरतो, हे कोणीही वाजवणारा सांगेल. पण तेव्हा मोकळी तारच उतरते. ती पुन्हा सुरात लावली की फ्रेटवरचे सूरही जागेवर यायला हवेत. तिथे ते येत नसतील तर पंधरा दिवसांनीही येणार नाहीत. त्या पंधरा दिवसांत मात्र ‘आता परत कसं घेणार’ म्हणायची सोय होते.

तपासायची पद्धत सोपी आहे. तार सुरात लावा. बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर बोट नुसतं टेकवून छेडा, घंटेसारखा हार्मोनिक येईल. मग त्याच फ्रेटवर तार दाबून वाजवा. दोन्ही सूर एकच हवेत. सगळ्याच तारा चुकल्या तर दोष वाद्याचा असू शकतो. एकच चुकली तर तारेवर संशय घ्या, ती काढा आणि उलटी लावा, म्हणजे खुंटीकडचं टोक ब्रिजकडे. चूक बदलली तर तार एकसारख्या जाडीची नाही. त्या मुलीच्या ए तारेचं अगदी तसंच झालं.

ती तार घेऊन मी शिवाजी उद्यमनगरातल्या ओळखीच्या एका वर्कशॉपमध्ये गेले. पिस्टनच्या शंभर कामांतून वेळ काढून त्या दादांनी जाडी मोजायचा मायक्रोमीटर हलक्या हातानं लावला. एका टोकाला ०.६४ मिलिमीटर, मध्ये ०.७१, दुसऱ्या टोकाला ०.६६. ते म्हणाले, “मॅडम, ह्यो माल एकसारखा न्हाईच.”

जाडी कळली, पण ते फ्लोरोकार्बन नाही हे कसं ठरवायचं? त्याला स्वयंपाकघर पुरतं. पाण्याची घनता १ धरली तर नायलॉनची सुमारे १.१४, फ्लोरोकार्बनची सुमारे १.७८. साध्या पाण्यात दोन्ही बुडतात. पण मीठ विरघळायचं थांबेपर्यंत घालत गेलं, म्हणजे १०० मिली पाण्यात साधारण ३६ ग्रॅम, की त्या पाण्याची घनता १.२ च्या आसपास जाते. त्यात नायलॉन तरंगतं, फ्लोरोकार्बन तळाला जातं. खुंटीपाशी उरलेला छोटा तुकडा कापून घ्या आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका, नाहीतर बुडबुडे चिकटून खरी तारही वर राहते. माझ्याकडच्या खऱ्या फ्लोरोकार्बनचा तुकडा सरळ खाली गेला. त्या माणसानं विकलेल्या तारांचे तुकडे चारही वर आले.

चांगल्या कंपनीची नायलॉनची तार मी स्वतः मुलांना सुचवते. ती स्वस्त असते आणि गोड वाजते. तक्रार नायलॉनबद्दल नाही. जाडीला धरबंध नसलेलं नायलॉन जपानी फ्लोरोकार्बन म्हणून विकण्याबद्दल आहे.

आता त्याची रीत नीट बघा, कारण उद्या दुसराही कोणी हेच करेल. ‘फिटिंग फुकट’ म्हणत तो पाकीट स्वतः फोडतो आणि पाकीट, कापलेली टोकं, काढलेल्या जुन्या तारा सगळं गोळा करून “कचरा मी टाकतो” म्हणत घेऊन जातो. घरच्यांना ती मदत वाटते. पण जुन्या तारा गेल्या म्हणजे त्या परत चढवून वाद्याची खात्री करता येत नाही, आणि पाकीट गेलं म्हणजे काय विकलं त्याचा पुरावा जातो. बिल देत नाही. यूपीआयवर पैसे जातात ते भलत्याच नावावर.

परदेशी मालाच्या पाकिटावर आयातदाराचं नाव-पत्ता, कुठल्या देशातला माल, महिना-वर्ष आणि सर्व करांसह किंमत छापलेली किंवा चिकटवलेली असावी लागते. आवेष्टित वस्तूंचे २०११ चे नियमच तसे आहेत. पाकीट तुमच्या हातात घेऊन हे वाचल्याशिवाय तारेला हात लावू देऊ नका, आणि पाकिटाचा फोटो काढा. जुन्या तारा घरातच ठेवा.

आम्ही पालकांनी मिळून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. बिल नसलं तरी यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲपवरचं ‘जपानी फ्लोरोकार्बन’ असं लिहिलेलं बोलणं आणि मायक्रोमीटरवरच्या मापांचे फोटो जोडले. एका पालकांना त्यानं गुपचूप पैसे परत केले, बाकीच्यांचे नंबर ब्लॉक केले. त्या मुलीच्या वाद्यावर मी माझ्याकडचा सेट चढवला आणि सी कॉर्ड तिला स्वतःच्या हातानं वाजवायला लावली. ती क्लासला येतेय.

तुमच्या घरी हा माणूस येऊन गेला असेल तर तारा फेकू नका. मिठाच्या पाण्यात तुकडा टाकून बघा, चॅट पुसू नका, आणि तुमचीही तक्रार १९१५ वर वेगळी नोंदवा.