जुन्या बोर्डिंगचं छप्पर कुणाच्या पैशातून घालायचं?

मृग लागायच्या आधी बोर्डिंगचे, म्हणजे आमच्या वसतिगृहाचे, रेक्टर सर आम्हाला पत्र्याच्या बादल्या वाटायचे. सात नंबरच्या खोलीला दोन, कारण तिथले वासे वाळवीनं खाल्ले होते आणि दोन ठिकाणी कौलं खचली होती. ती खोली सगळ्यात स्वस्त, म्हणून तिच्यासाठी भांडणंही व्हायची. परवा त्याच बोर्डिंगच्या दुरुस्तीच्या बैठकीला गेलो. खोली तशीच आहे, बादल्या तेवढ्या प्लास्टिकच्या झाल्यात. टेबलावर चार पर्याय होते: सरकारी निधी, कंपनीचा सीएसआर (कंपन्यांनी नफ्यातून समाजकामासाठी द्यायचा पैसा), बँकेचं कर्ज आणि बिल्डर. कोल्हापुरात अशा विश्वस्त मंडळांवर बसणारे बरेच जण आहेत. त्यांच्यासाठी आमच्या चर्चेचा हा हिशेब.

आधी थोडं मागे जाऊ. शाहू महाराजांनी १८ एप्रिल १९०१ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं. त्याच वर्षी जैन बोर्डिंग, १९०६ला मुस्लिम बोर्डिंग, १९०८ला अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, आणि पुढं ही रांग वाढतच गेली. महाराजांनी नुसती इमारत बांधून फीत कापली नाही. जागा दिली, जमिनीचं उत्पन्न लावून दिलं, वार्षिक देणगी बांधून दिली. दुसऱ्या वर्षी दिव्याचं तेल कुठून येणार, याचं उत्तर पहिल्याच वर्षी तयार होतं. आजचा कुठलाही निधी मी याच मापानं मोजतो: काम झाल्यावर खाटेचं भाडं किती राहणार, आणि पुढच्या पावसाळ्यातली कौलं कोण बदलणार?

सरकारी पैसा सगळ्यांनाच हवासा वाटतो, कारण तो फेडायचा नसतो. पण ‘सरकारी’ या एका शब्दात तीन-चार वेगळ्या थैल्या आहेत.

आमदार-खासदारांचा निधी किंवा जिल्हा नियोजनाचा पैसा मिळाला तर स्वच्छतागृह, पाण्याची टाकी, आवारातलं काँक्रीट यांना तो उत्तम. छपराला आणि भिंतींना मात्र मी तो लावणार नाही. कारण आमच्याच मागच्या भिंतीवर आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका निधीतून तिला गिलावा झाला. टेंडर सगळ्यात कमी दराला गेलं, ठेकेदारानं चुन्याच्या भिंतीवर सिमेंट चोपडलं. जुनी भिंत चुन्यातून श्वास घेते, आतली ओल बाहेर टाकते. सिमेंटनं तिचं तोंड बंद झालं, ओल आतच राहिली आणि तिसऱ्या पावसाळ्यात कमरेएवढा लोणा चढला. आता हात लावला की पापुद्रे पडतात. चुन्याचं काम म्हणजे चुना आधी भिजवून मुरवायचा, वाळूबरोबर मळायचा, त्यात गुळाचं आणि हिरड्याचं पाणी घालायचं. गूळ कोल्हापुरात कमी नाही, पण असं काम जाणणारा गवंडी शोधावा लागतो आणि कमी दराच्या टेंडरमध्ये तो बसत नाही.

दुसरी थैली पुरातत्त्व खात्याची. १९६०च्या राज्य कायद्याखाली इमारत संरक्षित स्मारक झाली तर जतन नीट होण्याची शक्यता वाढते. कसबा बावड्यातला लक्ष्मी विलास पॅलेस, महाराजांचं जन्मस्थान, याच वाटेनं गेला. पण तिथं पहाटे पाचला आंघोळीच्या पाण्यासाठी रांग लागत नाही. आपल्याकडं लागते. राहत्या इमारतीत दर खिळ्याला परवानगी मागायची वेळ आली तर पोरं राहतील कुठं?

महापालिकेच्या वारसा यादीत नाव गेलं तर पाडापाडीला आळा बसतो, हे मोठंच. पैसा मात्र थेट हातात पडत नाही. वारशामुळं बांधकामाचा हक्क अडला, तर त्या बदल्यात टीडीआर, म्हणजे तोच हक्क दुसऱ्या जागेवर वापरायची किंवा विकायची मुभा, मागायची तरतूद नियमांत आहे. तो विकून पैसे उभे करायचे, म्हणजे पुन्हा बिल्डरच्याच दारात जायचं. फरक इतकाच, की इमारत शाबूत ठेवून जायचं.

प्रत्येक बैठकीत कुणीतरी म्हणतंच, “म्हाडाकडं जाऊ की.” नाही जमणार. मुंबईतल्या जुन्या चाळींसाठी १९६९च्या कायद्यानं उपकर आणि दुरुस्ती मंडळ आलं, पण ती सोय मुंबई शहरापुरती, उपकर भरणाऱ्या इमारतींसाठी. आपण तो उपकर भरत नाही, आपल्याला ते मंडळ नाही.

सरकारला जुनी इमारत वेळेत उभी करता येत नाही, असंही म्हणता येणार नाही. १ ऑगस्ट २०२५ला मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापुरातल्या सर्किट बेंचची अधिसूचना निघाली आणि १८ ऑगस्टला सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या आवारात कामकाज सुरूसुद्धा झालं. पण ती जागा सरकारची, गरजही सरकारची. आपली इमारत ट्रस्टची आहे.

आणखी एक विसंगती मला खुपते. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला स्वाधार योजनेतून राहण्या-जेवणाचे पैसे थेट खात्यात मिळतात. मुंबई-पुण्यात वर्षाला ६० हजार, लहान शहरांत त्याहून कमी. योजना चांगलीच आहे, तिच्याविषयी तक्रार नाही. पण हा पैसा जातो खासगी खोलीच्या भाड्यात. पडायला आलेली एक खाट वाचवली तर तिच्यावर दरवर्षी नवा मुलगा झोपेल, हा हिशेब अर्ज करताना आपण स्वतःच लिहून द्यायला हवा.

सीएसआरबद्दल थोडक्यात. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात ऐतिहासिक वास्तूंचं जतन येतं, तेव्हा दार उघडं आहे. ट्रस्टची आयकर सवलतीची नोंदणी, सीएसआरचा पैसा घेण्यासाठी लागणारी सीएसआर-१ची नोंदणी, तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल तयार ठेवा. कंपन्यांना पाटी लावता येईल असं काम आवडतं. वाचनालय देतील, वायरिंगला नाक मुरडतील. वायरिंगच आधी मागा.

कर्जाचा हिशेब कागदावर करून बघा. समजा ३० खोल्या, खोलीत दोन खाटा, खाटेला महिना १,५०० रुपये. सगळ्या भरल्या तर महिन्याला ९० हजार. ५० लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज, १० वर्षांची मुदत धरली तर हप्ता साधारण ६६ हजार. उरलेल्या २४ हजारांत रेक्टर, वॉचमन, लाइट बिल आणि घरफाळा. म्हणजे भाडं दुप्पट करा नाहीतर कर्ज विसरा. शिवाय ट्रस्टला कर्ज काढायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, ती वेगळीच.

राहिला बिल्डर. त्याचा प्रस्ताव देखणा असतो. खाली दुकानं, वर बोर्डिंग, लिफ्ट, आणि ट्रस्टला एक पैसा खर्च नाही. आमच्याकडं आलेल्या नकाशात खोल्या ३०च्या १८ झाल्या होत्या, प्रत्येकीला स्वतंत्र बाथरूम. मी विचारलं, भाडं किती? “मार्केटप्रमाणे.” त्या एका शब्दात सात नंबरची खोली गेली. विक्री असो वा तीन वर्षांहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा, सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ३६खाली आधी मंजुरी घ्यावी लागते. ही अट अनेकांना कटकट वाटते, मला ती आपली ढाल वाटते. तरीही संरचना तपासणीत इमारत खरंच राहण्यालायक नाही असं निघालं, तर मी हट्ट धरणार नाही. मग करारात खाटांची संख्या आणि भाड्याची कमाल मर्यादा आकड्यात लिहून घ्या. तोंडी शब्दावर जाऊ नका.

माझं मत विचाराल तर पैशाचे तुकडे करा. छप्पर आणि भिंती माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून, कारण तिथं गवंडी आपण निवडतो. संडास-बाथरूम आणि टाकी सरकारी निधीतून. वायरिंग सीएसआरमधून. आणि वर्गणीचा काही हिस्सा ठेव म्हणून बाजूला, त्याच्या व्याजातून दरवर्षी कौलं फिरवायची. महाराजांनी उत्पन्न लावून दिलं होतं, त्याची ही गरिबाघरची आवृत्ती.

बैठकीत एकमत झालं नाही. दोन विश्वस्त अजून लिफ्टवर अडलेत. तोवर मागच्या हौदात चुना भिजत घातलाय. दिवाळीच्या सुट्टीत पोरं गावी गेली की सात नंबरची कौलं उतरवायची आहेत. वासे मोजून झालेत, अकरा बदलावे लागतील.