नागपूरच्या बर्डीतला जुन्या पीसीचा डॉक्टर
बाबांचा पेंटियम थ्री प्रोसेसरवाला जुना कॉम्प्युटर कित्येक वर्षं माळ्यावर पडून होता, एका दुकानदाराने तर न उघडताच भंगारात टाका म्हटलं, मग बर्डीतल्या या छोट्या दुकानात नेला. दुकानवाल्या भाऊंनी मदरबोर्डवरचे (आतल्या मुख्य सर्किट बोर्डावरचे) फुगलेले चार कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग, दाखवले, तेवढेच बदलले, मदरबोर्डवरचा बटणासारखा सीआर२०३२ सेल नवा टाकला अन् पीसी सुरू होतानाचा बीप वाजला ना राजेहो! मी १ जीबी रॅम टाका म्हणत होतो, तर म्हणाले विंडोज ९८ ठेवायचं असेल तर ५१२ एमबीच्या वर जाऊ नका, ते गडबडतं, नाहीतर विंडोज एक्सपी घ्या पण नेट जोडू नका, त्याचा सपोर्ट २०१४ लाच संपला. ९८च ठेवलं, जुन्या गेमसाठी. फक्त उद्या या उद्या या करत तीन आठवडे लावले, अन् पार्किंगचं तर विचारूच नका.